आबांची धमनी रुंद झाली आहे, मग स्टेंट कशासाठी?

पत्र

डॉक्टरसाहेब, आम्ही तासगाव तालुक्यातले. माझे वडील, आबा, वय ६१. तीन एकर द्राक्षबाग आहे. चार महिन्यांपूर्वी बागेत औषध मारताना त्यांच्या छातीत जड झालं, डाव्या दंडात कळ आली. मिरजेला नेलं. रक्ताच्या तपासणीत अटॅक निघाला नाही, पण अँजिओग्राफी केली. डॉक्टर म्हणाले, ‘ब्लॉकेज नाही, उलट उजवी नस फुगलेली आहे. स्टेंट टाकायचा नाही, गोळ्या घ्या.’ रिपोर्टवर लिहिलंय, ‘उजवी करोनरी एक्टॅटिक, मार्किस टाइप ३, स्लो फ्लो, सर्वांत रुंद जागी ६.५ मिलिमीटर.’ घरात आता दोन तट पडलेत. आमच्या चुलतभावाला दोन स्टेंट आहेत आणि तो रोज रानात जातो. तो म्हणतो, डॉक्टर टाळतायत, दुसरीकडे नेऊन टाकून घ्या. माझा भाऊ पुण्याला असतो. तो म्हणतो, आवरण असलेला स्टेंट मिळतो, त्याने फुगा आतून बंद करतात. आई रात्री दोन-दोनदा उठून आबांचा श्वास चालू आहे का बघते, कारण नस फुटेल असं तिच्या डोक्यात बसलंय. ऑक्टोबरची छाटणी तोंडावर आली आहे. आबांना बागेत जाऊ द्यावं का? आणि हे आमच्या लेकरांत उतरेल का?

एक लेक, तासगाव तालुका

उत्तर

ताई,

पहिलं उत्तर तुमच्या आईंसाठी. त्यांना आज रात्रीपासून झोपू द्या. सायकलच्या ट्यूबला फुगा आला की तो फुटणारच, हे आपण लहानपणापासून बघितलेलं असतं, म्हणून भीती तिकडेच धावते. हृदयाची रुंदावलेली धमनी अशी झोपेत फुटणं फार दुर्मिळ आहे. ती भीती धरावी लागते पिशवीसारख्या खूप मोठ्या फुग्यात, जंतुसंसर्ग झालेल्या धमनीत, किंवा एखाद्या उपचारात धमनीला इजा झाली असेल तर. तुम्ही लिहिलेल्या रिपोर्टात यातलं काहीच नाही. आबांना धोका आहे, पण तो वेगळ्या जातीचा आहे. तो नीट कळला की स्टेंटचा वाद निम्मा मिटेल.

निरोगी उजवी धमनी साधारण तीन-चार मिलिमीटरची असते, बॉलपेनच्या रिफिलीएवढी. आबांची सर्वांत रुंद जागी साडेसहा आहे, म्हणजे शिसपेन्सिलीएवढी. शेजारच्या निरोगी भागाच्या दीडपटीच्या वर रुंदी गेली की आम्ही तिला रुंदावलेली म्हणतो. लांबच्या लांब भाग रुंदावला असेल तर ‘एक्टेशिया’, आखूड जागीच फुगवटा आला असेल तर ‘अ‍ॅन्युरिझम’. फुगवटा रुंदीला जास्त असेल तर तो पिशवीसारखा आणि लांबीला जास्त असेल तर चातीसारखा, दोन्ही टोकांना निमुळता. हे सगळे शब्द रिपोर्टवर एकाच ओळीत पडतात आणि घरचे सगळ्याला ‘नस फुगली’ म्हणून मोकळे होतात. पण उपचार ठरतो तो याच फरकांवर.

मार्किस टाइप ३ म्हणजे आजाराची तिसरी पायरी किंवा तिसरी स्टेज, असं तुमच्या घरी कुणी समजलं असेल तर ते आधी दुरुस्त करा. कॅन्सरच्या स्टेजची सवय झाल्यामुळे पुष्कळ जण या आकड्याने हादरतात. १९७६ साली मार्किस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुंदावलेल्या धमन्यांची चार गटांत मांडणी केली. दोन किंवा तीन धमन्या लांबवर रुंदावलेल्या असतील तर गट १. एक धमनी लांबवर आणि दुसरी एखाद्याच जागी, तर गट २. एकच धमनी लांबवर रुंदावलेली, तर गट ३. एकाच जागी मर्यादित फुगवटा, तर गट ४. म्हणजे इथे आकडा वाढतो तसा आजाराचा पसारा कमी होतो. आबांची फक्त उजवी धमनी रुंदावली आहे, डाव्या बाजूच्या धमन्या ठीक आहेत, एवढंच ते ‘३’ सांगतंय. सगळ्यांत जास्त रुंदावते तीही उजवीच, त्यामुळे यात विचित्र काही घडलेलं नाही.

आता चुलतभावाचं बघू. त्यांना आणि आबांना बहुधा एकच दुखणं आहे. दोघांच्याही धमनीच्या भिंतीत वर्षानुवर्षं चरबी साचत आली, भिंतीला सूज येत गेली. एकाच्या धमनीत ती आत आली आणि वाट अरुंद झाली. दुसऱ्याच्या धमनीत भिंतीचा मधला थर, जो लवचीक धाग्यांचा आणि स्नायूंचा असतो, तो कुजत गेला आणि भिंत बाहेर पसरली. मोठ्या माणसांत निम्म्याच्या आसपास रुग्णांत रुंदावण्याचं मूळ हेच असतं. बाकीच्यांत लहानपणीचा कावासाकी आजार, रक्तवाहिन्यांची सूज, जन्मजात दोष अशी कारणं सापडतात. ही इतकी अपूर्व गोष्टही नाही. उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या नोंदीत, जी १९८३ मध्ये प्रसिद्ध झाली, २०,०८७ जणांच्या अँजिओग्राफी पाहिल्या होत्या. त्यातल्या ९७८ जणांत अशा रुंदावलेल्या धमन्या होत्या, म्हणजे शंभरात जवळपास पाच.

तुमच्या रिपोर्टातला मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटलेला शब्द रुंदीचा नाहीच, तो ‘स्लो फ्लो’ आहे, म्हणजे रक्त संथ वाहतंय.

कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी करतात त्या खोलीत, आम्ही धमनीच्या तोंडाशी डाय, म्हणजे एक्स-रेवर दिसणारं औषध, सोडतो तेव्हा निरोगी उजव्या धमनीत तो सरळ धावत जातो. सेकंदाला ३० चित्रं या हिशेबाने मोजलं तर साधारण २० चित्रांत तो शेवटच्या ठरलेल्या खुणेशी पोचतो. पुरता एक सेकंदसुद्धा लागत नाही. रुंदावलेल्या धमनीत मात्र डाय आत शिरला की पसरतो, काठाकाठाने भोवरे घेतो, थोडा मागे येतो, परत पुढे सरकतो. आम्ही सिरिंज थांबवलेली असते, आधीचा डाय निघून जायला हवा, तरी पडद्यावर त्या रुंद भागाच्या तळाशी तो काळा थर रेंगाळत राहतो. उसाचा पाट एखाद्या जागी खचून रुंद झाला की तिथे पाण्याचा जोर मोडतो, काडीकचरा फिरत राहतो, गाळ बसतो, तसंच. रक्त रेंगाळलं की गुठळी धरण्याची शक्यता वाढते. गुठळी मोठी झाली तर तिथेच धमनी बंद पाडते, तिचा तुकडा सुटला तर पुढच्या बारीक फांदीत जाऊन अडकतो. आबांना जो धोका आहे तो हा. छातीत जड वाटलं तेही बहुधा या संथ रक्तपुरवठ्यामुळेच, कारण औषध मारताना हृदयाची मागणी वाढते आणि ते मागणीइतकं पोचत नाही. ब्लॉकेज नाही म्हणजे छातीत दुखायचं कारणच नाही, असं कुणी म्हणालं तर मानू नका.

मग यात स्टेंट काय करणार? साधा स्टेंट म्हणजे जाळीची नळी. अरुंद झालेली वाट फुगवून उघडी धरणं एवढंच तिचं काम. आबांची वाट आधीच नको इतकी उघडी आहे. तुम्ही ठिबकवाले, म्हणून तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. सोळाच्या लॅटरलचा जॉइनर विसाच्या लॅटरलमध्ये घालून बघा. बसत नाही, हलतो, पाणी बाजूने जातं. बाजारात मिळणारे हृदयाचे स्टेंट साधारण सव्वादोन ते चार मिलिमीटरचे, मोठे पाचपर्यंत. काही थोडे जास्त फुगवता येतात, पण त्यालाही हद्द आहे. साडेसहाच्या धमनीत असा स्टेंट भिंतीला टेकतच नाही. शिवाय स्टेंटची दोन्ही टोकं निरोगी, योग्य मापाच्या भागात रुतावी लागतात. लांबच्या लांब रुंदावलेल्या धमनीत ती रुतवायची कुठे?

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या उमेदीच्या वर्षांत साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काम करणारा एक माणूस आमच्याकडे आला. दुसऱ्या ठिकाणी त्याच्या रुंदावलेल्या उजव्या धमनीत चार मिलिमीटरचा स्टेंट टाकलेला होता, पाच आठवड्यांपूर्वी. धमनी बंद पडली होती. ती कशीबशी उघडून आम्ही आत सोनोग्राफीची बारीक नळी घातली. पडद्यावर स्टेंटच्या तारा चमकत्या ठिपक्यांसारख्या गोलाकार दिसत होत्या, आणि एका बाजूला त्या ठिपक्यांच्या आणि धमनीच्या भिंतीच्या मध्ये काळी चंद्रकोर. ती मोकळी फट होती. स्टेंट तिथे भिंतीला कधी चिकटलाच नव्हता, आणि गुठळी तिथूनच धरली होती. माणूस वाचला. पण हृदयाचा खालचा भाग कायमचा दुबळा झाला आणि काट्यावरचं काम सुटलं. आबांच्या डॉक्टरांनी ‘टाकायचा नाही’ म्हटलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे असाच एखादा रुग्ण असणार. ते टाळत नाहीत, ते आबांना जपत आहेत. योजनेत मोफत होतंय तर करून घेऊ, असाही सूर हल्ली घराघरांत ऐकतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते आणि गरजूंसाठी तो मोठा आधार आहे. पण गरज नसताना आत गेलेला धातू फुकट मिळाला तरी तो आयुष्यभर आतच राहतो.

पुण्याच्या भावाचं म्हणणं चुकीचं नाही, फक्त ते आबांना लागू नाही. आवरण असलेला स्टेंट खरोखर असतो. जाळीवर टेफ्लॉनच्या जातीच्या किंवा दुसऱ्या पॉलिमरच्या पातळ पडद्याचं अस्तर असतं. तो मुख्यतः लागतो अँजिओप्लास्टी करताना धमनी फाटली तर, गळती बंद करायला. एकाच जागी पिशवीसारखा फुगवटा असेल, त्याच्या दोन्ही बाजूंची धमनी मापात असेल, तिथून महत्त्वाची फांदी निघत नसेल, तर पिशवीचं तोंड त्याने बंद करता येतं. फांदीची अट विसरू नका, कारण अस्तर आलं की तिथली फांदी कायमची बंद होते. आणि अस्तरामुळे अशा स्टेंटमध्ये गुठळी होण्याचं आणि तो पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण औषधाचा लेप असलेल्या साध्या स्टेंटपेक्षा जास्त असतं, म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या नेटाने घ्याव्या लागतात. काही वेळा पिशवीच्या तोंडावर साधा स्टेंट लावून त्याच्या जाळीतून आत बारीक तारेची वेटोळी सोडतात, म्हणजे पिशवी आतून भरून निघते. फुगा फारच मोठा, दोन सेंटिमीटरच्या घरातला असेल, किंवा शेजारच्या अवयवाला दाबत असेल, तर छाती उघडून तो भाग दोन्हीकडून बांधतात आणि पुढच्या भागाला बायपास देतात. हे सगळं गट ४ च्या निवडक रुग्णांचं गणित आहे. आबांच्या पूर्ण रुंदावलेल्या धमनीला अस्तर लावायचं म्हटलं तर एकावर एक स्टेंट जोडत जावं लागेल आणि वाटेतल्या सगळ्या फांद्या बुजतील. भावाला हे असंच वाचून दाखवा. वडिलांसाठी तो शोधाशोध करतोय, त्याचं मन मोडू नका.

आबांना पुढे कधीच स्टेंट लागणार नाही, असं मात्र मी लिहून देणार नाही. रुंद भागाच्या जोडीला खरोखरचा अरुंद भाग तयार झाला आणि छातीत दुखणं गोळ्यांना दाद देईनासं झालं, तर त्या अरुंद जागी स्टेंट टाकण्यात अर्थ असतो. तेव्हा माप डोळ्यांनी ठरवू नये, आतून सोनोग्राफी करून घ्यावी. आणि हार्ट अटॅक आला तर धमनी उघडावीच लागते. रुंद धमनीत गुठळी मोठी असते, ती ओढून काढताना तिचे तुकडे पुढे जातात, धमनी उघडली तरी रक्त पुढे सरकत नाही असंही घडतं. म्हणून अनेकदा आधी गुठळी कमी करतात, काही दिवस रक्त पातळ करणारी औषधं देतात आणि मग बघतात की स्टेंटची गरज उरली आहे का. त्या वेळी कुणी ‘आज स्टेंट टाकला नाही’ म्हणालं, तर तो हलगर्जीपणा समजू नका.

आजचा उपचार गोळ्यांचाच. अ‍ॅस्पिरिन, कोलेस्टेरॉलची गोळी आणि रक्तदाबाचं औषध ही त्यातली मुख्य. कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं म्हणून ती गोळी बंद करू नका, ती भिंतीची सूज शांत ठेवायलाही असते. रक्तदाब तर आबांच्या बाबतीत जास्तच काटेकोर हवा. नळी जेवढी रुंद तेवढा त्याच दाबाचा ताण तिच्या भिंतीवर जास्त पडतो. अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला दुसरं रक्त पातळ करणारं औषध द्यावं का, यावर आम्हा डॉक्टरांत एकमत नाही. ज्यांना गुठळी झालेली आहे त्यांना मी देतो, बाकीच्यांत रक्तस्रावाची जोखीम तोलून ठरवतो. हा प्रश्न आबांच्या डॉक्टरांना सरळ विचारा. जोडीने पोटाची सोनोग्राफी करून महाधमनीचं माप एकदा घ्यायला सांगा, कारण हृदयाची धमनी रुंदावलेल्यांत पोटातली महाधमनीही रुंदावलेली सापडण्याचं प्रमाण जास्त असतं. आबा तंबाखू, विडी, मशेरी काही घेतात का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. घेत असतील तर कुठल्याही स्टेंटपेक्षा ते सुटणं मोलाचं आहे. आणि दुसरं मत घ्यायचंच असेल तर जरूर घ्या, पण नुसता कागद नेऊ नका. अँजिओग्राफीची सीडी न्या. रक्त किती रेंगाळतंय ते चालत्या चित्रातच दिसतं.

एक गोष्ट आजच करा. छातीत कळ आली की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवायची, हे आपल्याकडे घरोघर पाठ झालंय. रुंदावलेल्या धमन्यांत या गोळीचा फायदा होईलच असं नाही, काहींत रक्त आणखी संथ होऊन दुखणं वाढतं. त्यात आबांची उजवी धमनी आजारी आहे. उजव्या बाजूच्या अटॅकमध्ये या गोळीने रक्तदाब धाडकन खाली जाऊ शकतो. म्हणून शेजाऱ्याच्या खिशातली गोळी आबांच्या तोंडात घालू नका. त्यांच्या डॉक्टरांनी त्यांच्यासाठी लिहून दिली असेल तरच, आणि बसूनच घ्यायची. कळ दहा-पंधरा मिनिटं टिकली, घाम फुटला, गरगरलं, तर १०८ ला फोन आणि तडक मिरज-सांगली. ‘गॅस असेल’ म्हणून ओवा-सोडा देत बसू नका. अशा वेळी अ‍ॅस्पिरिन चावून द्यायची का आणि किती, हे आत्ताच विचारून फ्रिजच्या दारावर चिकटवून ठेवा.

लेकरांचं विचारलंत. आबांच्या वयात चरबीमुळे धमनी रुंदावली असेल, तर ती रुंदी वारशाने उतरत नाही. उतरतो तो रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि घराची सवय. तुम्ही आणि भाऊ, दोघांनी एकदा रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. नातवंडांपैकी कुणाला लहानपणी पाच दिवसांच्या वर ताप, लाल डोळे, फुटलेले ओठ, अंगावर पुरळ असं एकत्र झालं, तर बालरोगतज्ज्ञांना कावासाकीबद्दल आवर्जून विचारा. १९६७ मध्ये जपानच्या तोमिसाकू कावासाकी यांनी हा आजार नोंदवला. पहिल्या दहा दिवसांत योग्य औषध शिरेतून दिलं, तर हृदयाच्या धमन्या फुगण्याचं प्रमाण पुष्कळ कमी होतं. याचा आबांशी संबंध नाही, पण रुंदावलेल्या धमन्यांबद्दल लिहायला बसलो आणि हे सांगायचं राहिलं, तर मला चुटपुट लागेल.

आता छाटणी. गोळ्या सुरू झाल्यावर परत दुखलेलं नसेल आणि डॉक्टरांनी चालण्याची तपासणी करून हरकत नाही म्हटलं, तर आबांना बागेत जाऊ द्या. बागेवाचून हा माणूस घरात खचेल, हे मलाही दिसतंय. पण यंदा फवारणी दुसऱ्या कुणाकडे द्या. पाठीवर पंप घेऊन तर नकोच, आणि उन्हात एकट्याने नको. कात्री हाताला लागेल तेव्हा रक्त नेहमीपेक्षा जास्त वेळ वाहील. स्वच्छ फडकं धरून दहा मिनिटं दाबून ठेवायचं, मधे उचलून बघायचं नाही. ओळीतून हात वर धरून दिवस काढला की खांदे भरून येतात आणि मेडिकलमधून अंगदुखीची गोळी आणली जाते. ती आबांना चालणार नाही. अ‍ॅस्पिरिनसोबत पोटातून रक्तस्राव होतो आणि हृदयालाही त्या गोळ्या बाधतात, त्यामुळे काय घ्यायचं ते डॉक्टरांकडून लिहून आणा. आणि छाटणीच्या दिवसांत माणूस पहाटेच बाहेर पडतो, सकाळच्या गोळ्या घरी कपाटावर राहतात. आईंना सांगा, आबांच्या गोळ्यांची पुडी भाकरीच्या डब्यातच, वरच्या झाकणात ठेवत जा.